मागच्या अंगणात गाडीची खोली आणि ऑफिस एकत्र: एकाच छताखाली घ्यावं की वेगळं? (सांगली)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. प्लॉट 60 बाय 90 फूट, म्हणजे पाच गुंठ्याला थोडा कमी. रस्ता 60 फुटी बाजूला. पुढे 20 फूट मोकळं, मग घर 42 बाय 40, मागे 30 फूट अंगण. घराच्या उजव्या अंगाला 10 फूट जागा आहे, डाव्या अंगाला 8. माती काळी. मागे एक नारळ, कोपऱ्यात कडुनिंब.

मागच्या अंगणात एक बांधकाम करायचंय: एका भागात गाडी (लांबी 4.3 मीटर), दुसऱ्या भागात घरून काम करायला ऑफिस. कॉल दिवसभर असतात, त्यामुळे शांतता हवी. डोक्यात 12 बाय 32 चा पत्र्याचा लांबट शेड आहे, मध्ये पार्टिशन. प्रश्न एवढाच की दोन्ही एका छताखाली घ्यावं की वेगवेगळं? शिवाय पत्रा की स्लॅब?

भडंगप्रेमी
नारळाखाली पत्र्याचं ऑफिस म्हणजे दर कॉलला तोफेची सलामी. बाकी छान.

रेघोट्या
छताचं नंतर बघू. आधी गाडी मागे पोचते का ते बघा. बहुतेकांचा नकाशा इथंच फसतो.

1.8 मीटर रुंदीची गाडी दोन्ही आरसे धरून 2 मीटरच्या पुढे जाते, म्हणजे जवळपास पावणेसात फूट. डावीकडच्या 8 फुटांत ती अडकेल. उजवीकडे 10 फूट आहेत, पण कागदावरचे. त्यातून पावसाळी पाइप, गॅलरीच्या पायऱ्या, मीटरची पेटी, कुंपणाच्या भिंतीचे खांब वजा करा. टेपने सर्वात अरुंद ठिकाण मोजा. तिथं 9 फूट निव्वळ मिळत असतील तरच पुढं बोलायचं.

दुसरं म्हणजे घराच्या मागच्या कोपऱ्यावर गाडीला काटकोनात वळवायला लावू नका. 30 फूट खोल अंगणात 20 फूट बांधकाम घेतलं की वळायला काही उरत नाही. गाडीची खोली उजव्या बाजूच्या वाटेच्या थेट सरळ रेषेत ठेवा, म्हणजे सरळ आत, सरळ रिव्हर्स बाहेर. ऑफिस तिच्या डावीकडे. झाला इंग्रजी एल. लांबट शेड विसरा.

फक्कीने जमिनीवर भिंती आखून गाडी एकदा नेऊन आणा. पाच किलो फक्कीत सगळा घोळ बाहेर येतो.

विश्रामबागकर
रेघोट्या ताई, सर्वात अरुंद जागा 9 फूट 2 इंच भरली. पावसाळी पाइपपाशी.

रेघोट्या
चालेल. तो पाइप भिंतीत गाडून घेता आला तर आणखी 4 इंच.

निवृत्त_ओव्हरसियर
परवानगीचं कुणी काढलंच नाही. मागच्या आणि बाजूच्या सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) पक्कं बांधकाम करताना महापालिकेच्या नगररचना विभागाची मंजुरी लागते, आणि ऑफिसची खोली चटईक्षेत्रात धरली जाते. राज्याची एकत्रित नियमावली 2020 ची आहे. तिच्यात चारचाकीसाठी 2.5 बाय 5 मीटर जागा धरली आहे, पण ती फक्त गाडी उभी राहण्यापुरती. दार उघडून माणूस बाहेर यायचा तर आतून 11 फूट रुंदी हवीच, 12 असेल तर उत्तम.

प्लॉट गुंठेवारीचा असेल तर 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचा कागद आधी बाहेर काढा. घराचा मंजूर नकाशा आणि सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा घेऊन आर्किटेक्टकडे जा. पत्रा आहे म्हणून परवानगी लागत नाही, हा गैरसमज गल्लोगल्ली आहे.

सातारी_कंदी
आमच्या साताऱ्यात हा प्रश्नच येत नाही. अंगण सपाट असेल तर मागच्या बाजूला डोंगर असतो.

काळीमाती
आता पायाकडे या. सांगलीच्या काळ्या मातीत छतावर वाद घालणं म्हणजे नवरीच्या आधी वरातीचं बोलणं.

ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचं वजन जास्त, त्यामुळे ते निदान दाबून तरी धरतं. एकमजली हलकी खोली ती सहज उचलते. म्हणून 'छोटंच तर आहे, दोन फूट पाया पुरे' हे सर्वात महाग वाक्य आहे.

आधी चाचणी खड्डा घ्या, 3 बाय 3 फूट, मुरूम लागेपर्यंत. मुरूम 5-6 फुटांवर असेल तर कॉलम आणि फूटिंग थेट मुरमावर. 8-10 फूट खाली असेल तर खोदाईचा खर्च अंगावर येतो, मग तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, बघा. फुगवट्याचा व्यास दांड्याच्या अडीचपट असतो. वरून प्लिंथ बीमने (जोत्याच्या तुळईने) सगळे बांधायचे.

आणि जे गवंडी हमखास विसरतो ते: प्लिंथ बीम थेट काळ्या मातीवर ओतू नका. खाली 3 इंच पोकळी ठेवा. माती फुगली की बीमला खालून ढकलते आणि भिंतीला तिरकी चीर जाते. पोकळीच्या दोन्ही बाजूंना विटेचा पडदा घेतला की मुरूम आत ढासळत नाही.

धुम्मस
+1. भरावाला खोदलेलीच काळी माती परत टाकतात, ते थांबवा. तिचा ढीग दुसऱ्या दिवशी बाहेर. भराव मुरमाचाच, 6-6 इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. एकदम दोन फूट भरून वरून पाणी सोडलं की पहिल्या पावसाळ्यात फरशी बसते.

ब्रासभर
गाडीच्या खोलीचं माप 12 बाय 20 धरून हिशेब:
सोलिंग 9 इंच डबर: 180 घनफूट, म्हणजे 1.8 ब्रास. फटीत बसायला मुरूम वेगळा.
वर फरशीला 4 इंच एम-20 प्रतीच्या काँक्रीटचा स्लॅब: 80 घनफूट. सिमेंट 18 पोती, क्रश सँड अंदाजे एक तृतीयांश ब्रास, खडी दोन तृतीयांश ब्रास. यात 8 मिमीची जाळी 8 इंचांवर, तळापासून दीड-दोन इंच वर उचलून. जाळी खाली झोपली तर तिचा उपयोग शून्य, त्यामुळे कव्हर ब्लॉक ठेवूनच ओता.
उतार शटरकडे, 20 फुटांत अडीच इंच. गाडीचं ओघळणारं पाणी आपोआप बाहेर.

पैशाचा आकडा विचारू नका, सिमेंटचा दर सकाळी एक, संध्याकाळी एक. ब्रास मोजा, दर त्या दिवशी लावा.

भडंगप्रेमी
ब्रासभर भाऊ, भडंगाचा हिशेब ब्रासमध्ये सांगता येईल का? घरचे 'थोडंच आणलंय' म्हणतात.

ब्रासभर
एका ब्रासमध्ये 2831 लिटर बसतात. तेवढा भडंग एका पावसाळ्यात संपत नाही.

वळचण
> दोन्ही एका छताखाली घ्यावं की वेगवेगळं

एका छताखाली घ्या, पण फरशी एका पातळीवर नको. गाडीची खोली वाटेपेक्षा 6 इंच उंच, ऑफिस तिच्याहून दीड फूट उंच. गाडीला 6 इंच चढायला 4 फुटांचा रॅम्प पुरतो, 1 ला 8 चा उतार. सगळंच दोन फूट उचललं तर रॅम्प 16 फुटांचा होतो आणि गाडीचं पोट घासतं. ऑफिसला बाहेरून तीन पायऱ्या आणि वर उंबरठा. साचलेलं पाणी ऑफिसात नाही, गाडीला फार चढ नाही, आणि पेट्रोलचा वासही ऑफिसात जाणार नाही.

फेज_न्यूट्रल
वळचण, शेवटच्या वाक्याला अडवतो. पातळीचा फायदा फक्त पेट्रोलच्या वाफेला आहे. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, खोलीभर मिसळतो, त्याला पायरी दिसत नाही. वास नाही, रंग नाही. सीएनजी तर सरळ छताला जाऊन बसतो.

त्यामुळे खरा निर्णय मधल्या भिंतीचा आहे. 9 इंची वीट, दोन्ही बाजूंना प्लास्टर, आणि तळापासून छतापर्यंत अखंड. पत्र्याच्या शेडमध्ये नेमकं इथंच फसतं: भिंत पर्लिनपर्यंत (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या) येऊन थांबते, वर पत्र्याच्या पन्हाळ्यांच्या पोकळ्या तशाच उघड्या राहतात. कॉलवर बसलेला माणूस तिकडचा धूर दिवसभर घेतो. फोमची पट्टी ठोकून भागत नाही, दोन-तीन वर्षांत ती सुकून गळते.

आणि ऑफिसचं दार गाडीच्या खोलीत उघडू नका. अजिबात नाही. बाहेरून छोटा व्हरांडा घ्या. वायर-पाइप भिंतीतून नेले तर त्यांची भोकंही मोर्टारने बंद करा. शटर खाली असताना इंजिन कधीच चालू ठेवायचं नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

हवेसाठी झरोके: शटरच्या समोरच्या भिंतीत दोन खाली, फरशीपासून 6 इंचांवर, दोन वर, छतालगत. प्रत्येकी 9 बाय 9. एकाच उंचीवर दोन ठेवले तर एक गॅस राहतोच.

वळचण
बरोबर. माझं म्हणणं पेट्रोलपुरतंच धरा. झरोक्यांना 6 मिमीची जाळी घाला, नाहीतर उंदीर आत आणि गाडीच्या वायरिंगचा नाश्ता.

सातारी_कंदी
आणि उंदरामागे घोणस. शटरखाली रबरी पट्टी लावाच.

निवृत्त_ओव्हरसियर
म्हणजे पत्र्यावर स्लॅब जिंकला. भिंत स्लॅबला भिडते, फट शिल्लक नाही. सांगलीला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, त्या उन्हात पत्रा तापला तर खाली एसीचं बिल बघा. फक्त स्लॅबची जाडी, सळई, अंतर डिझायनरकडून घ्या. 12 फूट गाळ्याला 5 इंच असा अंगठेठोक सल्ला इथं मिळेलच, त्यावर घर बांधू नका.

वर विटकुटाचा कोबा, उतार 1 ला 100. कोबा भिंतीला टेकतो तिथं वाटा, म्हणजे गोल गोलवा, हा हवाच. गळती 10 पैकी 8 वेळा त्याच कोपऱ्यात.

हळदकांडी
ज्यांना पत्राच परवडतो त्यांच्यासाठी: साधा पत्रा नको, 50 मिमी पफचा (मध्ये फोम भरलेला) पॅनल घ्या. उतार 10 अंश. स्क्रूला ईपीडीएम रबराचा वॉशर, आणि ड्रिल पकडलेला हात मोकळा सोडू नका. वॉशर चिरडून बाहेर आला की स्क्रू जास्त घट्ट झाला, सैल फिरत असेल तर कमी. दोन्हीही गळतात. पागोळी आपल्याच आवारात पडली पाहिजे, शेजाऱ्याच्या भिंतीवर नाही. त्यावरून कोर्टापर्यंत गेलेली भांडणं कमी नाहीत.

सातारी_कंदी
अहो, सांगलीला पाऊस असतो तरी किती! आमच्याकडे कास-यवतेश्वरच्या बाजूला जुलैत भिंत रात्रंदिवस ओली. साताऱ्यात कुणी करणार असेल तर ऑफिसची खिडकी नैऋत्य आणि पश्चिमेला ठेवू नका, पाऊस तिकडूनच आडवा येतो. ठेवलीच तर छज्जा अडीच फूट, खाली पाणी गळायला नाक. पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवलं की ऑगस्टपर्यंत पांढरी बुरशी. 3 इंच मोकळं ठेवा.

उतारावर संरक्षक भिंत लागली तर तिला दर 5 फुटांवर पाणी निघायची भोकं, मागे खडीचा थर. भोकं नसली तर भिंत पाणी पेलते, माती नव्हे, आणि तेवढं वजन तिच्या हिशेबात नसतं. शिवाय कोयना इथून दूर नाही. 11 डिसेंबर 1967 चा धक्का पाटण-सातारा पट्टा विसरलेला नाही. जोत्याला, लिंटेलला (दार-खिडकीच्या वर) आणि छताखाली बँड, म्हणजे सगळ्या भिंतींवरून फिरणारा सळयांचा काँक्रीट पट्टा, घ्या, छोट्या खोलीलाही.

विश्रामबागकर
भूकंपाचा विचारच केला नव्हता. बँड आमच्याकडेही घ्यावेत ना?

सातारी_कंदी
घ्या की राव. चार सळयांचा प्रश्न.

काळीमाती
सांगलीकरांनी भूकंपाबरोबर पूरही मोजावा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 आणि 2021 चा पूर वेगळाच. विश्रामबाग तुलनेनं उंच आहे, पण पाणी त्या-त्या गल्लीत कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांकडून समजतं. भिंतींवर खुणा असतात. तुमच्या जोत्याची पातळी त्या खुणेशी ताडून बघा.

पूर येण्याच्या भागात इतरांनी: सगळे सॉकेट 4 फुटांवर, इन्व्हर्टरची बॅटरी लोखंडी रॅकवर, फर्निचर प्लायचं नको. गाडीची मात्र वेगळी व्यवस्था नाही. पाणी चढायला लागलं की ती उंच रस्त्यावर नेऊन लावायची, एवढंच.

फेज_न्यूट्रल
वीज. घराच्या बोर्डापासून नव्या खोलीपर्यंत अंतर किती? 30 मीटर धरतो.

आत्ता विजेवरची गाडी नसली तरी पुढे येईल, म्हणून आत्ताच केबल गाडा. नाहीतर परत अंगण खणा. 3.3 किलोवॅटच्या साध्या चार्जरला 16 अँपिअर लागतात. 2.5 चौ. मिमी तांब्याच्या वायरने 30 मीटरवर सुमारे 7 व्होल्ट पडतात, 4 चौ. मिमीने साडेचार. 7.4 किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर 32 अँपिअर ओढतो, तिथं 6 चौ. मिमीने 6 व्होल्टपर्यंत, 10 ने साडेतीन. आर्मर्ड 10 चौ. मिमी टाका आणि विसरा. अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, वर विटा, त्यावर पिवळी फीत. फावडं आधी फितीला लागलं पाहिजे.

ऑफिसचं वेगळं सर्किट, चार्जरचं वेगळं. प्रत्येकाला स्वतःचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा). एकच आरसीसीबी सगळ्यांना घातला तर चार्जरच्या एका गळतीवर ऑफिसचा कॉल तुटतो. स्वतंत्र अर्थिंग. मंजूर लोड वाढवायचा अर्ज महावितरणकडे आधी.

इंटरनेटला केबलच्या शेजारून दुसरा 2 इंची एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप, किमान एक फूट अंतर सोडून, आत ओढायची तार ठेवून. त्यातून फायबर न्या, तांब्याची लॅन वायर नको. वळवाच्या विजा दोन इमारतींच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक पाडतात, तो तांब्याच्या वायरीतून राउटर आणि लॅपटॉप दोन्ही भाजतो. फायबरमधून वीज जात नाही.

इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बंद ऑफिसात नको. चार्ज होताना हायड्रोजन सोडते. गाडीच्या खोलीत, वरच्या झरोक्याजवळ.

निवांत_बसा
एवढा विचार करून ऑफिस बांधलं आणि उद्या कंपनीनं 'या, पुण्यात बसा' म्हटलं तर?

भडंगप्रेमी
तर गाडीला स्वतंत्र बेडरूम मिळाली म्हणायचं.

हळदकांडी
शटरचं बोला आता. 9 फूट रुंद, साडेसात फूट उंच, म्हणजे साडेसदुसष्ट चौरस फूट. हातानंही उघडेल, पण मोटर बसवलेली बरी. वर गुंडाळी आतल्या बाजूला एक-सव्वा फूट जागा खाते, त्यामुळे स्लॅब 10 फुटांवर. मोटर ऑफिसच्या भिंतीकडे नको, उलट बाजूला. दिवसभर कॉल असणाऱ्याला रोलिंग शटरची खडखड थेट कानात जाते. हातानंही उघडता येईल अशी मोटर घ्या, नाहीतर वीज गेली की गाडी आतच अडकते.

रेघोट्या
आवाजावरूनच: गाडीच्या खोलीतलं माळ्याचं कपाट आणि अवजारांची फळी मधल्या भिंतीला ठोकू नका. खिळ्याचा दणका विटेतून जातो. ती फळी मागच्या भिंतीला. 20 फुटांत 14 फूट गाडी, उरलेल्या 6 फुटांत फळी, सायकल आणि माणूस वाकायला जागा.

ऑफिसची खिडकी उत्तरेला, टेबल खिडकीला आडवं. स्क्रीनवर झाक येत नाही, चेहऱ्यावर उजेड पडतो. 12 बाय 12 मध्ये एक टनाचा एसी पुरतो. त्याच्या बाहेरच्या युनिटला व्हरांड्याची जागा ठेवा, गाडीच्या खोलीत नको.

काळीमाती
जुन्या घराला नवं बांधकाम चिकटवू नका, आणि एखादा कॉलमही सामाईक नको. घर बसून वर्षं झाली, नवीन अजून बसायचंय. दोघांची हालचाल वेगळी, चीर सांध्यावर ठरलेली. कुठं भेटणारच असतील तर एक इंच सांधा ठेवून वर पत्र्याची पट्टी. कडुनिंबाचं काय? मोठं झाड उन्हाळ्यात मुळांनी काळी माती कोरडी करून टाकतं आणि त्या बाजूचा कोपरा खचतो. झाड जेवढं उंच तेवढं अंतर ठेवावं. तेवढं जमत नसेल तर त्या बाजूचे कॉलम मुरमापर्यंत नेल्याशिवाय पर्याय नाही.

आणि इमारतीभोवती 3 फूट कोबा बाहेरच्या उतारानं. झाडांना पाणी द्यायचा पाइप त्याच्या पलीकडेच.

विश्रामबागकर
सगळ्यांचे आभार. मूळ आराखडा मोडला. आता असं: उजव्या वाटेच्या सरळ रेषेत 12 बाय 20 गाडी, डावीकडे 12 बाय 12 ऑफिस दीड फूट उंच, पुढे 4 फूट व्हरांडा, स्लॅब, मध्ये अखंड 9 इंची भिंत. झरोके चार. चाचणी खड्डा उद्या सुरू. नारळ शटरपासून 6 फुटांवर येतोय.

वाट सगळी काँक्रीट करावी की दोन पट्टे?

ब्रासभर
दोन पट्टे. प्रत्येकी अडीच फूट, मध्ये अडीच फूट गवत. चाकांचं मधलं अंतर 5 फुटांच्या आसपास, बरोबर पट्ट्याच्या मध्यावर येतं. 60 फुटांत, 4 इंच जाडीत सगळी 9 फुटी वाट ओतली तर 180 घनफूट. दोन पट्ट्यांत 100, म्हणजे 0.8 ब्रास वाचला, आणि पाणीही जमिनीत मुरतं.

वळचण
छताचं पाणी कुठं सोडताय? गाडी आणि ऑफिस मिळून 384 चौरस फूट, म्हणजे 35-36 चौरस मीटर. तासाला 50 मिमीची सर आली तर तासात सुमारे 1800 लिटर. हे जोत्याशेजारी सोडलं तर काळ्या मातीला आपणच फुगवतो. 4 इंची दोन पाइप, जमिनीखालून पुढच्या गटारीला किंवा कुंपणापाशी शोषखड्ड्याला.

भडंगप्रेमी
नारळाचं काय ठरलं?

विश्रामबागकर
आई म्हणते नारळ राहील, शटर सरकवा.

रेघोट्या
शटर सरकलं तर सरळ रेषा गेली. परत फक्की आणा.